अँग्लिकन चर्च फुटलं का? शरणपूरहून इंग्लंडला गेलेल्या एका वाचक ताईंना उत्तर

प्रश्न (थोडक्यात): मी मूळची नाशिकची, शरणपूरची. आता इंग्लंडमध्ये असते आणि घराजवळच्या चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिशमध्ये जाते. आमच्या व्हिकर, म्हणजे पॅरिशच्या पाळक, बाई आहेत. ऑक्टोबर २०२५मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी पहिल्यांदाच एका स्त्रीचं नाव जाहीर झालं आणि दोन आठवड्यांत नातेवाइकांच्या ग्रुपवर 'अँग्लिकन चर्च फुटलं' असे मेसेज फिरू लागले. खरंच फुटलं का? हे सगळं स्त्रिया आणि समलिंगी विवाह एवढ्यावरूनच आहे का? आईचा बाप्तिस्मा जुन्या अँग्लिकन चर्चमधला, आता ती सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहे; तिचा याच्याशी काही संबंध उरतो का? आणि माझ्या बाळाचा बाप्तिस्मा या बाईंच्या हातून झाला तर नाशिकला तो मानतील का?

उत्तर:

सलाम. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: मानतील. का मानतील ते शेवटी सांगतो, त्यासाठी आधीचं बरंच सांगावं लागेल.

मी सीएनआयचा निवृत्त पाळक. सेवेतली निम्मी वर्षं पाळक होऊ घातलेल्या मुलामुलींना चर्चचा इतिहास शिकवण्यात गेली आणि मधली तीन वर्षं इंग्लंडमधल्या एका पॅरिशमध्ये. त्यामुळे हे भांडण पुस्तकातही वाचलंय आणि उपासनेनंतरच्या कॉफीच्या टेबलावरही ऐकलंय.

आधी बातमी नीट लावून घेऊ. अँग्लिकन म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड आणि जगभर त्याच्यातून वाढलेली चर्चं; कँटरबरीचे आर्चबिशप त्यांतले मानाने पहिले. ३ ऑक्टोबर २०२५ला लंडनच्या बिशप सारा मलाली यांचं नाव जाहीर झालं. पाळक होण्याआधी त्या नर्स होत्या, इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी होत्या. त्याच दिवशी 'गॅफकॉन' या परंपरानिष्ठ गटाने नाराजी कळवली. मग १६ ऑक्टोबरला गॅफकॉनच्या वतीने रवांडाचे आर्चबिशप लोराँ म्बांडा यांनी जाहीर केलं की कँटरबरीशी नातं हा अँग्लिकन असण्याचा आधार आता आम्ही मानत नाही, आर्चबिशपांनी बोलावलेल्या बैठकांना येणार नाही, पैसे देणार नाही आणि घेणारही नाही. त्यातलं महत्त्वाचं वाक्य पुढे होतं. आम्ही अँग्लिकन समुदाय सोडलेला नाही, आम्हीच तो समुदाय आहोत, असा त्याचा आशय. गावाकडे वाटणीच्या भांडणात मी हे शंभरदा ऐकलंय: वाडा आम्ही सोडला नाही, परके तुम्ही झालात.

तर फुटलं का? कायद्याच्या अर्थाने नाही, कारण जगभरचं अँग्लिकन चर्च अशी एकसंध कायदेशीर वस्तू मुळात नव्हतीच. ४२ स्वायत्त प्रांत आहेत. प्रत्येकाची स्वतःची घटना, स्वतःची सिनड, म्हणजे निर्णय घेणारी सभा. शिवाय गॅफकॉनने जाहीर केलं म्हणजे त्यातल्या प्रत्येक प्रांताच्या सिनडने तसा ठराव केला, असं आपोआप होत नाही. कँटरबरीचा आर्चबिशप पोप नाही. विद्यार्थ्यांना मी पुण्यातल्या मानाच्या पहिल्या गणपतीचं उदाहरण द्यायचो. मिरवणुकीत कसबा गणपती पुढे असतो आणि त्याबद्दल कोणी वाद घालत नाही. पण म्हणून त्या मंडळाने बाकीच्यांना देखावा कसा करायचा हे सांगितलं तर कोण ऐकेल? कँटरबरीचा मान हा असा आहे. गॅफकॉन आता म्हणतंय की मिरवणुकीतला पहिला मानही आम्हाला मान्य नाही. कायद्यात याने फार काही बदलत नाही. नात्यात मात्र बरंच बदलतं.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. स्त्रिया आणि समलिंगी संबंध हे वादाचे विषय आहेत, खरे आहेत, लोकांची आयुष्यं त्यात होरपळली आहेत. पण हे चर्च पुन्हा पुन्हा ज्या जागी अडकतं ती जागा वेगळी. शास्त्राच्या अर्थावरून मतभेद झाले तर अंतिम शब्द कोणाचा? रोमन कॅथलिकांकडे याला उत्तर आहे. बाप्टिस्टांकडेही आहे, तिथे स्थानिक मंडळी ठरवते. अँग्लिकनांनी हा प्रश्न साडेचारशे वर्षं टाळला. एक प्रार्थनापुस्तक, बिशपांची साखळी आणि इंग्लंडचा राजा एवढ्यावर निभावून नेलं. इंग्लंडबाहेर राजाचा हात पोचेनासा झाला तेव्हा पहिला तडा गेला.

तो तडा दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ नावाच्या मुलखात गेला. १८५३पासून तिथले बिशप असलेले जॉन विल्यम कोलेन्सो हे गणिती; त्यांची अंकगणिताची पुस्तकं इंग्लंडच्या शाळांत चालत. भाषांतरात मदत करणाऱ्या एका झुलू सहकाऱ्याने त्यांना विचारलं, जलप्रलयाची गोष्ट लिहिली आहे तशीच घडली का? गणिती हिशेबाला बसला. बायबलच्या निर्गम पुस्तकातले सहा लाख पुरुष, त्यांचे तंबू, त्यांची गुरं, काही केल्या आकडे जुळेनात, आणि १८६२पासून त्यांनी ते छापायला सुरुवात केली. वर आणखी एक मत होतं: एकाहून जास्त बायका असलेला माणूस ख्रिस्ती व्हायला आला तर बाकीच्या बायका टाकून ये असं त्याला सांगणं हा त्या बायकांवर अन्याय आहे. केपटाउनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३मध्ये त्यांना पदावरून काढलं. कोलेन्सो लंडनला प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ न्यायपीठाकडे गेले. १८६५मध्ये निकाल आला की ग्रे यांना तो अधिकारच नव्हता. मग ग्रे यांनी काय केलं? त्याच मुलखात आपला दुसरा बिशप बसवला. एका गावात दोन अँग्लिकन बिशप, दोघेही म्हणणार खरा मीच. आज अमेरिकेत जे चाललंय (ते पुढे सांगतो) त्याची पहिली आवृत्ती ही.

या गोंधळातून, विशेषतः कॅनडातल्या बिशपांच्या आग्रहावरून, १८६७मध्ये पहिली लॅम्बेथ परिषद, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांची बैठक, भरली. आर्चबिशप लाँगली यांनी आधीच सांगून टाकलं की ही परिषद कायदे करणार नाही. ७६ बिशप आले. यॉर्कचे आर्चबिशप आले नाहीत. म्हणजे बहिष्काराची प्रथा पहिल्याच बैठकीपासून आहे! पुढे आणखी दोन व्यासपीठं झाली, सल्लागार परिषद आणि प्रांतप्रमुखांची बैठक. आर्चबिशप, लॅम्बेथ आणि ही दोन, असे चार दुवे. एकालाही हुकूम सोडण्याचा अधिकार नाही.

आता घराकडे येतो, कारण जगातल्या या फुटीचा नकाशा समजायला पुणे आणि नाशिक पुरेसं आहे.

अँग्लिकन स्वभाव ढोबळमानाने तीन. इव्हँजेलिकलांचा भर बायबल, प्रवचन आणि व्यक्तीच्या मनःपरिवर्तनावर. अँग्लो-कॅथलिक हे १८३३च्या ऑक्सफर्ड चळवळीचे वारस; त्यांना संस्कार, वेदी, धूप आणि प्रेषितांपासून आजच्या बिशपापर्यंत न तुटलेली साखळी महत्त्वाची. तिसरे उदारमतवादी, शास्त्राबरोबर विवेकबुद्धीला आणि नव्या ज्ञानाला जागा देणारे. इंग्लंडमध्ये हे तिघे एका छपराखाली राहिले. पण परदेशात मिशन चालवणाऱ्या संस्था वेगवेगळ्या होत्या, आणि ज्या मुलखात जी संस्था गेली तिथे तोच स्वभाव रुजला.

तुमचं शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे इव्हँजेलिकल. पुण्यातलं पंचहौद हे काउली फादर्स आणि इंग्लंडमधल्या वाँटेजच्या भगिनी या मठवासी संघांचं, म्हणजे पक्कं अँग्लो-कॅथलिक. (१८९०चं चहा प्रकरण आपल्याला पाठ असतं, टिळक-रानडे-प्रायश्चित्त वगैरे, पण चहा पाजणारे नेमके कोणत्या पंथाचे होते हे कोणी विचारत नाही.) दोन्ही चर्चं 'चर्च ऑफ इंग्लंड'चीच, पण पंचहौदच्या उपासनेत शरणपूरच्या माणसाला रोमचा वास आला असता.

हीच चर्च मिशनरी सोसायटी नायजेरिया, युगांडा आणि केनियात होती. केनियाचा धागा तर थेट तुमच्या गावाला जोडलेला आहे. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवलं जाई. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी-शोधक लिव्हिंग्स्टन यांच्या मृतदेहासोबत इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट तिथलाच. शरणपूरचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी पुढे मोंबासाजवळ फ्रीरटाउनची वसाहत उभारली. मुंबई इलाख्यात वाढलेल्या ज्या आफ्रिकनांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत, त्यांनी केनियातल्या अँग्लिकन चर्चची सुरुवातीची बरीच कामं केली. १९३०च्या दशकात पूर्व आफ्रिकेत पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली, पापाची जाहीर कबुली, येशूच्या रक्तात धुतलं जाणं, नवं आयुष्य. या लाटेत वाढलेल्या माणसाला 'शास्त्राचा अर्थ काळानुसार बदलतो' हे वाक्य तारणाच्या मुळावर घाव वाटतं. युगांडात आणखी एक स्मृती आहे. १८८५ ते १८८७ दरम्यान राजा म्वांगाने दरबारातल्या ख्रिस्ती तरुणांना मारलं आणि राजाच्या लैंगिक मागण्या नाकारल्या म्हणून ते मेले, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. हे ठाऊक नसेल तर युगांडाच्या बिशपांचा स्वर कळत नाही. नुसता मागासलेपणा म्हणून त्याची बोळवण करणारे इंग्रज मी पाहिलेत आणि त्यांची मला लाज वाटली आहे.

स्त्रियांच्या दीक्षेचा प्रश्न त्यामानाने उरकत आलाय. पहिली अँग्लिकन स्त्री-पाळक फ्लॉरेन्स ली टिम-ओई. युद्धात मकाऊच्या मंडळीला प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाचा संस्कार) द्यायला कोणी पाळक उरला नव्हता, म्हणून हाँगकाँगच्या बिशप हॉल यांनी १९४४मध्ये त्यांना दीक्षा दिली. अमेरिकेत १९७४ला अकरा स्त्रियांना नियम डावलून दीक्षा मिळाली आणि १९७६मध्ये नियमच बदलला. इंग्लंडच्या सिनडने ११ नोव्हेंबर १९९२ला मान्यता दिली. तेव्हा सामान्य सदस्यांच्या सभागृहातली दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर ठराव पडला असता. स्त्री-बिशपांचा ठराव २०१२मध्ये खरंच सहा मतांनी पडला, २०१४मध्ये पास झाला आणि जानेवारी २०१५मध्ये लिबी लेन इंग्लंडच्या पहिल्या स्त्री-बिशप झाल्या.

यात लक्षात ठेवायचं ते हे की विरोध करणारे दोन आहेत आणि त्यांची कारणं एकमेकांशी जुळत नाहीत. अँग्लो-कॅथलिक म्हणतो: येशूचे बारा प्रेषित पुरुष होते, रोम आणि पूर्वेकडची चर्चं आजही पुरुषांनाच दीक्षा देतात, मग आम्ही एकट्याने हे कसं बदलायचं? आणि स्त्रीला दीक्षा लागू होत नसेल तर तिच्या हातचं प्रभुभोजन खरं कशावरून? इव्हँजेलिकलाला या शेवटच्या प्रश्नाचं काही वाटत नाही. त्याचा आधार पौलाची पत्रं: तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय, पुरुषावर अधिकार न चालवण्याबद्दलचा. त्याच्या मते बाईंनी प्रार्थना चालवावी, मुलांना शिकवावं, मंडळीची प्रमुख होऊ नये.

इंग्लंडने यावर खास इंग्रजी तोडगा काढला. ज्या पॅरिशला स्त्रीची सेवा नको तिने ठराव करावा, तिला वेगळ्या बिशपची देखरेख मिळेल. या 'उडत्या बिशपां'ची सोय १९९३पासून आहे. मी इंग्लंडमध्ये होतो तेव्हा पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी कॅथीड्रलमध्ये सगळ्या पाळकांची एकत्र उपासना असे. आमच्या शेजारच्या पॅरिशचे पाळक, माझे चांगले मित्र, त्या दिवशी तीस मैल लांब दुसऱ्या बिशपकडे जात. शुक्रवारी आम्ही दोघे एकच क्रूस खांद्यावर घेऊन बाजारातून चालायचो. हा तोडगा तर्काला धरून नाही, पण चालतो. तुमच्या गावातही चर्च ऑफ इंग्लंडचीच पाटी असलेलं, पण तुमच्या व्हिकर बाईंना वेदीवर न बोलावणारं एखादं चर्च असू शकेल. तिथे गेलात तर अपमान समजू नका. प्रभुभोजन तुम्हाला नक्की देतील.

स्त्रियांचा अधिकार हा विषय आपल्याला नवा वाटायचं कारण नाही. १८८३मध्ये वाँटेजला पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला तो याच अँग्लो-कॅथलिक भगिनींकडे. पुढे चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्रैक्य, चर्चचा अधिकार, मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) यांवर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. एका पुरोहितवर्गाचं जोखड नुकतंच उतरवलंय, दुसऱ्याचं आता मानेवर घेणार नाही, असा रमाबाईंचा सूर होता. ठरवणार कोण, हा प्रश्न चर्चमध्ये पाऊल ठेवून वर्ष-दोन वर्षंही झाली नसताना एका मराठी बाईने विचारला होता.

समलिंगी संबंधांचा प्रश्न मात्र असा तोडगा मानायला तयार नाही.

१९९८च्या लॅम्बेथ परिषदेत ठराव झाला, क्रमांक १.१०. बाजूने ५२६, विरुद्ध ७०, तटस्थ ४५. समलिंगी आचरण शास्त्राशी विसंगत आहे आणि अशा नात्यांना आशीर्वाद देण्याचा सल्ला देता येत नाही, असं त्यात म्हटलंय. समलिंगी माणसं देवाला प्रिय आहेत आणि त्यांचे अनुभव आम्ही ऐकून घेऊ, असंही त्याच ठरावात आहे. गेली पंचवीस-सत्तावीस वर्षं प्रत्येक बाजू या ठरावातली आपल्या सोयीची ओळ फ्रेम करून भिंतीवर लावते.

२ नोव्हेंबर २००३ला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये जीन रॉबिन्सन बिशप झाले. ते समलिंगी होते, जोडीदारासोबत उघडपणे राहत होते. दीक्षेच्या वेळी त्यांनी अंगात बुलेटप्रूफ जाकीट घातलं होतं, यावरून वातावरण कळेल. तिथून पुढे घसरण झाली. या वादावर नेमलेल्या आयोगाच्या २००४च्या विंडसर अहवालाने तीन गोष्टी थांबवायला सांगितल्या: असे बिशप नेमू नका, असे आशीर्वाद-विधी करू नका आणि दुसऱ्याच्या प्रांतात घुसून आपले बिशप बसवू नका. पहिल्या दोन गोष्टी अमेरिका-कॅनडाने थांबवल्या नाहीत, तिसरी आफ्रिकेतल्या प्रांतांनी. त्यांनी तर २०००पासूनच सिंगापूरमध्ये अमेरिकेसाठी बिशप नेमायला सुरुवात केली होती. २००८मध्ये यरुशलेमला हजाराहून जास्त लोक जमून गॅफकॉन स्थापन झालं आणि त्या वर्षीच्या लॅम्बेथला दोनशेहून अधिक बिशप फिरकले नाहीत. २००९मध्ये उत्तर अमेरिकेत वेगळं चर्च उभं राहिलं. पुढे इमारतींवरून खटले झाले. व्हर्जिनियात जुन्या चर्चच्या बाजूने निकाल लागला, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थमध्ये बाहेर पडलेल्यांच्या बाजूने. त्या खटल्यांत ईश्वरज्ञान शोधू नका. ते खरेदीखतांचं वाचन होतं.

शास्त्राच्या बाजूने दोघांचं म्हणणं काय? परंपरानिष्ठ म्हणतात की उत्पत्तीचा दुसरा अध्याय, मार्कच्या दहाव्या अध्यायातलं येशूचं वचन आणि रोमकरांसच्या पत्राचा पहिला अध्याय एकत्र ठेवले तर विवाह पुरुष आणि स्त्री यांचाच ठरतो. ज्या गोष्टीला शास्त्र पाप म्हणतं तिला आशीर्वाद देणं हे प्रेम नव्हे, फसवणूक आहे. दुसरी बाजू प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या आणि पंधराव्या अध्यायांकडे जाते. परराष्ट्रीयांना सुंतेविना आत घेणं हेही तेव्हाच्या शास्त्राविरुद्धच वाटत होतं. पवित्र आत्मा त्यांच्यात दिसला म्हणून चर्चने जुना अर्थ सोडला. आज समलिंगी जोडप्यांत तीच फळं दिसत असतील तर? आणि शिवाय, ते विचारतात, तुम्ही याआधी बदललाच नाहीत का? १९०८ आणि १९२०च्या लॅम्बेथने संततिनियमन नाकारलं, १९३०ने १९३ विरुद्ध ६७ मतांनी सशर्त मानलं. इंग्लंडने २००२मध्ये घटस्फोटितांच्या पुनर्विवाहाला चर्चची दारं उघडली, आणि घटस्फोटावर तर येशू स्वतः बोललाय.

मला या यादीतला सर्वांत अवघड मुद्दा बहुपत्नीत्वाचा वाटतो. कोलेन्सोंचं ते मत आठवा. १८८८च्या लॅम्बेथने असा पुरुष बाप्तिस्म्याला अपात्र ठरवला. शंभर वर्षांनी, १९८८मध्ये, आफ्रिकेतल्या बिशपांच्या अनुभवावरून ते बदललं: बायकांना टाकून न देता त्याचा बाप्तिस्मा होऊ शकतो. पाश्चात्त्य उदारमतवादी म्हणतात, बघा, तुमच्यासाठी वाकलो ना? पण अर्धाच ठराव सांगून कसं चालेल? त्यात अट होती की हयात असलेल्या बायकांखेरीज तो आणखी लग्न करणार नाही. चर्चने झालेल्या नात्यांतल्या माणसांना आत घेतलं, पण नव्या बहुपत्नी लग्नाला आशीर्वाद दिला नाही. माझ्या मते हा दाखला दोन्ही बाजूंना अर्धा उपयोगी आणि अर्धा अडचणीचा आहे, आणि म्हणूनच वर्गात त्यावर सर्वांत चांगली चर्चा व्हायची.

खरा पेच त्याच्याही खालचा. विंडसर अहवालाने एक जुनी कल्पना वर काढली होती: काही बाबी श्रद्धेच्या गाभ्याच्या, काही गौण. गौण बाबतीत मतभेद ठेवून एकत्र राहता येतं. पण समलिंगी विवाह गौण आहे की गाभ्याचा, हे कोण ठरवणार? एकाला गौण वाटतं म्हणून तो म्हणतो एकत्र राहू. दुसऱ्याला ती तारणाचीच बाब वाटते म्हणून तो म्हणतो एकत्र राहणंच पाप. यात मधला मार्ग उरत नाही. तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी सगळ्या प्रांतांना बांधील करणारा एक करार पुढे आणला होता, त्यात थोडा शिस्तीचा भाग होता. तो २०१२मध्ये कोणी पाडला? नायजेरियाने नाही. इंग्लंडमधल्याच बहुसंख्य धर्मप्रांतांनी (एकेका बिशपच्या हद्दींनी). बाहेरच्यांनी आम्हाला शिकवू नये, हे प्रत्येकाला वाटतं.

फेब्रुवारी २०२३मध्ये इंग्लंडच्या सिनडने समलिंगी जोडप्यांसाठी प्रार्थनांना मान्यता दिली: बिशप ३६ विरुद्ध ४, पाळक १११ विरुद्ध ८५, सामान्य सदस्य १०३ विरुद्ध ९२. हे लग्न नाही, नेहमीच्या उपासनेत म्हणायच्या प्रार्थना आहेत, आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून त्या सुरू झाल्या. स्वतंत्र आशीर्वाद-विधीसाठी सिनडची पूर्ण प्रक्रिया आणि तिन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागेल, असं बिशपांनी ऑक्टोबर २०२५मध्ये ठरवलं. म्हणजे उदारमतवादी म्हणतात काहीच मिळालं नाही, आणि आफ्रिका, आशिया वगैरेंतल्या 'ग्लोबल साउथ' गटाच्या प्रांतांनी २०२३च्या मतदानानंतर त्याच महिन्यात सांगून टाकलं की कँटरबरीला आम्ही आता समानांमधला पहिला मानत नाही. ते मलाली बाईंच्या आधी अडीच वर्षं. तेव्हा आर्चबिशप वेल्बी होते, पुरुष. एवढं नातेवाइकांच्या ग्रुपवर जरूर टाका. (वेल्बी गेले ते या वादामुळे नव्हे, मुलांवरच्या अत्याचारांचं एक जुनं प्रकरण चर्चने कसं हाताळलं यावरच्या अहवालानंतर नोव्हेंबर २०२४मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ज्या पापाबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं तिथेच हे चर्च सर्वांत वाईट वागलं.)

गॅफकॉनही आतून एकजिनसी नाही. केनियात २०२१पासून स्त्री-बिशप आहेत, युगांडात १९८३पासून स्त्री-पाळक. नायजेरियात आणि सिडनीत स्त्रियांना पाळकीची दीक्षाच मिळत नाही. सिडनीतल्या काहींना दीक्षा नसलेल्यांनीही प्रभुभोजन चालवावं असं वाटतं. हे ऐकून अमेरिकेतल्या त्यांच्याच अँग्लो-कॅथलिक सोबत्यांच्या अंगावर काटा येतो. आज समोर एक शत्रू आहे म्हणून हे वाद झाकलेले आहेत. कँटरबरीला वगळलं की ठरवणार कोण हा प्रश्न त्यांच्याही अंगणात येईल, आणि माझा अंदाज आहे की तो स्त्रियांच्या प्रश्नावरूनच येईल.

आता तुमच्या आई. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सीएनआय स्थापन झालं तेव्हा सहा चर्चं एक झाली: अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचं संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांचा एक भाग. मेथडिस्टांचा मोठा गट शेवटच्या क्षणी मागे राहिला. सीएनआय आजही अँग्लिकन समुदायाचा पूर्ण सदस्य आहे, त्यामुळे आईंना स्वतःला अँग्लिकन म्हणायचं असेल तर खुशाल म्हणू द्या. पण त्या रविवारी ज्यांच्या शेजारी बसतात त्यांच्यात अहिल्यानगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनची नातवंडं असतील, ज्यांच्या आजोबांना बिशप हा शब्दच चालत नव्हता. ते कसं जमलं? सहाही परंपरांच्या पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले आणि देवा, यांच्यात जे कमी असेल ते तू भर, अशा अर्थाची प्रार्थना केली. कोणात काय कमी होतं हे मुद्दाम लिहिलं नाही. बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी कबुली देऊन घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही रीती ठेवल्या. त्याआधी १९४७मध्ये दक्षिणेत असंच सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) झालं तेव्हा इंग्लंडच्या अँग्लो-कॅथलिकांनी केवढा गहजब केला होता! आपल्याकडची भांडणं मग शास्त्रावरून फारशी झाली नाहीत. ती ट्रस्टच्या जमिनींवरून होतात, तो वेगळा आणि लांबलचक अध्याय आहे.

राहिला बाळाचा बाप्तिस्मा. पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा खरा, हे चर्चने चौथ्या-पाचव्या शतकातच आफ्रिकेतल्या एका मोठ्या फुटीच्या वेळी ठरवलं. देणारा कोण, किती शुद्ध, याने तो बाद होत नाही. बाळ दगावेल अशी भीती असेल तर सुईणीने दिलेला बाप्तिस्माही पूर्वापार मानला गेलाय. म्हणून स्त्रीच्या हातचं प्रभुभोजन न घेणारा कडवा अँग्लो-कॅथलिकसुद्धा तुमच्या व्हिकर बाईंनी दिलेल्या बाप्तिस्म्यावर बोट ठेवू शकत नाही, आणि सीएनआयमध्ये तर प्रश्नच येत नाही. बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र इंग्लंडमध्ये लगेच हातात देतात. त्यावर पॅरिशचं नाव आणि तारीख आहे ना ते बघून घ्या आणि एक प्रत आईंकडे पाठवा. पुढे कधी दृढीकरण (बाप्तिस्म्याची मोठेपणी स्वतः दिलेली कबुली) नाशिकला करायचं झालं तर पाळक तेवढंच मागतील.